४१२ नंबरची हीट

हुडको, भिलाई
१४ जुलै २०२४

आदरणीय विजया मॅडम यांना टिकाराम मेश्रामचा जय भीम.

नावावरून चेहरा आठवत नसंल तं सांगतो. खारून अलॉईजच्या भट्टीवरचा उंच माणूस, ज्याले तुम्ही एकदा तोंडात तंबाखूचा खर्रा होता म्हणून लॅबच्या बाहेर काढलं होतं, तो मी. खर्रा सुटला. दातही सुटले.

तुमचा पत्ता अतुलकडून भेटला. आपल्या स्टोरमधल्या देवानंदचा तो पोरगा, अमरावतीले तुमच्याच कॉलेजात शिकवते म्हणे. फोन नंबरही देऊन राहिला होता, पण मले फोनचा उपयोग नाही. अठ्ठावीस वर्षं भट्टीचा घूं घूं आवाज ऐकला, आता कानात तोच राहिला, कोणी जवळ येऊन जोरात बोललं तंच समजते. पोरगा राजदीप बंगलोरहून फोन करते, मी इकडून नुसतं "हो हो" म्हणतो. म्हणून पत्र.

काम असं आहे. जानेवारीत कंपनीले पन्नास वर्षं होऊन राहिले. सुशीलसाहेब वारले, आता नातू धनंजय पाहते सगळं. पोरगा चांगला आहे. त्याले कंपनीचा इतिहास छापायचा आहे, फोटो-बिटोसहित. मले म्हणे, "दादा, शुरू के दिनों का आपही बचे हो." मी म्हटलं, एक मॅडमही आहेत. तं तुम्ही आल्या त्र्याऐंशीत, तवापासूनचं काय काय आठवते, ते लिहून पाठवा. माझं लिहिणं असं आहे, लोखंडासारखं जड. तुमचं बरं राहीन.

शेवंता, माझी बायको, २०१६ त गेली. तुम्ही तिले पाहिलं होतं, डबा घेऊन यायची. घरात आता मी एकटाच. शेजारच्या बेबीताई दोन टाइमची भाजी देतात.

उत्तराची वाट पाहतो.
टिकाराम मेश्राम


अमरावती
२ ऑगस्ट २०२४

टिकारामभाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दारातच उभी राहून वाचलं. माझ्या नावाचं हाताने लिहिलेलं पाकीट कितीतरी वर्षांनी आलं. शेवंताबाईंचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या डब्यातली मुगाची वडी मी खाल्लेली आहे.

आठवतं ते लिहिते. मी आले तेव्हा लॅब म्हणजे पत्र्याखालची एक खोली होती. एक तराजू, दोन बर्नर आणि खिडकीत चिमण्यांचं घरटं. नागपूरहून एम.एस्सी. करून आलेली मुलगी कारखान्यात काम करणार, हे माझ्या वडिलांना पसंत नव्हतं. ते भिलाई स्टील प्लांटमध्ये हेडक्लार्क. सेक्टरमधल्या बायका आईला विचारायच्या, "विजूचं काही जमत नाही का?"

सुशीलसाहेबांची जिद्द खरी होती. सगळे साधं ओतकाम करत असताना त्यांनी क्रोम-निकेलचा मिश्रधातू धरला, आगीत राहूनही वाकणार नाही असा. भट्ट्यांच्या आतले रोलर, जाळ्या. पण पहिली दोन वर्षं माल तोडून पाहिला की आत सुईच्या टोकाएवढी भोकंच भोकं. साहेब म्हणायचे वाळू खराब, साचे करणारे मोल्डर म्हणायचे भट्टी खराब. ती भोकं फक्त पावसाळ्यात वाढतात, हे मी रजिस्टर काढून दाखवलं. पण पुढचं तुम्ही केलंत. भट्टीत टाकायचे फेरोक्रोमचे दगड उघड्यावर पडून ओले होतात, ते तुम्ही पत्र्यावर घालून खालून बर्नर लावून भाजून घेतलेत. "मॅडम, शेंगदाणे भाजतो तसे," असं म्हणाला होतात. त्या खेपेचा तुकडा तोडला तर आत काचेसारखा साफ. हे पुस्तकात तुमच्या नावाने यायला हवं.

पुढचं विशेष काही नाही. एक्याण्णवमध्ये मी नोकरी सोडली. नंतर कॉलेजात शिकवलं आणि पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घरात मीही एकटीच.

विजया खानझोडे


हुडको, भिलाई
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय मॅडम, जय भीम.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. शेंगदाण्याचं मी विसरून गेल्तो. धनंजयले वाचून दाखवलं तं तो म्हणते, साहेबांनी तो भाजायचा फॉर्म्युला बाहेरच्या देशातून आणला असं त्यानं आधीच लिहून ठेवलं आहे. बोलून काय होते.

पण त्याच्या लिहिलेल्यात अजून एक ओळ आहे. "पन्नास वर्षांत आमची एकही हीट परत आली नाही." ती ओळ वाचल्यापासून मले जेवण जाऊन नाही राहिलं. धनंजयले कसं समजावू? एका खेपेले वितळवलेला माल म्हणजे हीट, तिले नंबर असते, तिचा कागद असते, त्या कागदावर सह्या असतात, हे त्याले माहीत आहे. त्या सह्या करणाऱ्याच्या जिवाचं काय होते, हे नाही माहीत.

तुम्ही लिहिलं, पुढचं विशेष काही नाही. मॅडम, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, म्हणून झाकून घेतलं. मी नाही झाकत.

४१२ नंबरची हीट. मार्च एक्याण्णव. गुजरातच्या एका काचेच्या कारखान्याचे बारा रोलर. त्यात निकेल वीस टक्के पाहिजे होतं. आपल्याकडचं निकेल संपलं होतं, साहेबांनी बाजारातून भंगार आणलं, तेच मी भट्टीत टाकलं. त्यात काय होतं ते मले माहीत नव्हतं, देवालेही माहीत नव्हतं. तुम्ही लॅबमध्ये काढलं, साडेबारा. तुम्ही म्हणाल्या, हा माल जाणार नाही. साहेब म्हणाले, जाईन. सगळ्या कामगारायसमोर तुम्ही राजीनामा टेबलावर ठेवला अन् म्हणाल्या, "खोट्या कागदावर माझी सही मिळणार नाही." भट्टीजवळ आम्ही चाळीस माणसं उभी होतो. कोणाचा हात हलला नाही.

तुम्ही दोन दिवसांनी टेबल आवरून गेल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मले बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. निकेल वीस. खाली दोन सह्यांची जागा. एक त्यांनी केली. म्हणाले, "टिकाराम, तुझी झाली नाही तं ऑर्डर गेली, अन् ऑर्डर गेली तं भट्टी थंड." शेवंताले सातवा महिना होता. मी सही केली.

मॅडम, त्यानंतर तो रोलर कधी वाकंल, कधी तुटंल, कोणाच्या अंगावर गरम काच पडंल, हेच माझ्या डोक्यात. गुजरातकडून ट्रक आला की मी ड्रायव्हरले चहा पाजायचो अन् इचारायचो, तिकडं काही अपघात-बिपघात झाला का. ते हसायचे. कोणाले सांगता येत नव्हतं, मी कावून इचारून राहिलो.

अन् एक गोष्ट कोणालेच माहीत नाही. मी आपल्या विहाराचा सेक्रेटरी होतो, रविवारी पोरायले वंदना शिकवायचो. सही केली त्या रविवारी पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही, अन् माझा आवाजच निघाला नाही. पोरं पुढं म्हणून गेली, मी नुसते ओठ हलवले. पुढच्या रविवारीही तसंच. महिनाभरानं मी सेक्रेटरीपद सोडलं. लोकायले सांगतलं, ड्यूटी जमत नाही. मंग हळूहळू जाणंही सुटलं. जयंतीले मागं उभा राहतो, बस. सगळे म्हणतात, टिकाराम एकलकोंडा आहे. शेवंतानं पुष्कळदा इचारलं. मी म्हणायचो, भट्टीनं घसा सुकला. ती हे न समजताच गेली.

तुमाले तोंड दाखवायची लाज होती म्हणून तेहतीस वर्षं पत्र लिहिलं नाही. आता लिहिलं. तुम्ही जे म्हणाल ते ऐकून घेईन.

टिकाराम


अमरावती
५ सप्टेंबर २०२४

टिकारामभाऊ,

झालं ते झालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तेव्हाची परिस्थितीच तशी होती. पुस्तकात माझ्याविषयी काही छापू नये, एवढं धनंजय यांना सांगा. माझी तब्येत बरी नसते, यापुढे पत्राला उत्तर देणं जमेलच असं नाही.

वि. खानझोडे


हुडको, भिलाई
१ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मॅडम, जय भीम.

तुमचं चार ओळींचं पत्र भेटलं. समजलो. तुम्ही नोकरी सोडली, पण खोटं नाही केलं. मी खोटं केलं अन् नोकरी ठेवली, भट्टीवरचा हेडमेल्टर होऊन रिटायर झालो. असा माणूस तुमाले पत्र लिहिते, हे तुमाले कसं आवडंल. राग बरोबर आहे तुमचा.

मागच्या आठवड्यात राजदीप आला होता, दोन दिवसांसाठी. नातवाले घेऊन. नातू हिंदीच बोलते, मले ऐकू येत नाही, तं आम्ही दोघं एकमेकांकडं पाहून हसत बसलो. राजदीप म्हणते, घर विका, बंगलोरले चला. तिकडं जाऊन तरी काय, बाल्कनीतच बसायचं आहे. त्यालेही सांगायचं होतं ४१२ चं. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात गाडीवाला आला.

तुमाले आता तरास देत नाही. तब्येतीले जपा.

टिकाराम


अमरावती
२८ नोव्हेंबर २०२४

टिकारामभाऊ,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आज फाडणार नाही. मघाशी पाकिटावर आधी पत्ता लिहिला, तिकीट लावलं, आणि मग लिहायला बसले.

तुम्हाला वाटतं मी रागावले. टिकारामभाऊ, मला रागवायचा अधिकार नाही.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा आपल्याकडे मशीन नव्हतं. प्रत्येक हीटच्या तुकड्याला भोक पाडून त्याचा कीस कागदाच्या पुडीत यायचा, पुडीवर नंबर. तो कीस आम्लात विरघळवायचा, औषध टाकायचं, की निकेलचा लालभडक साका खाली बसायचा. गाळायचा, वाळवायचा, तोलायचा. त्या दिवशी माझ्या टेबलावर दोन पुड्या होत्या. ४१२ आणि ४१३. ४१३ हा स्वस्तातला माल, त्यात निकेल बाराच टक्के टाकायचं असतं.

मी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी टेबल आवरायला गेले. खणात पुडी सापडली. ४१२. जशी आली तशी, दोरा बांधलेली. मी ती उघडलीच नव्हती. मी ४१३ चा कीस तपासला होता आणि कागदावर ४१२ लिहिलं होतं.

साडेबारा हा आकडा बघूनच मला कळायला हवं होतं. पण साहेब भंगार आणतात, साहेब फसवतात, हे माझ्या मनात आधीच पक्कं बसलं होतं. मला तो आकडा हवाच होता.

दुपारची सुट्टी होती, लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी दोरा सोडला आणि तपासणी केली. साका इतका दाट बसला की तोलायच्या आधीच मला कळलं. वीस पूर्णांक तीन. माल चांगला होता, टिकारामभाऊ. बाराच्या बारा रोलर चांगले होते.

मी काय करायला हवं होतं? बाहेर येऊन सांगायला हवं होतं, चूक माझी. तुम्ही तेव्हा भट्टीजवळ उभे होतात, धातू ओतायचा लॅडल गरम करत. मी तुमच्याजवळून गेले. तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमच्यासारखा माणूस पुन्हा येणार नाही इथं." देवानंदच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस माणसं माझ्याकडे जशी बघत होती, तसं मला आयुष्यात कोणी बघितलं नव्हतं. ती नजर मला परत करता आली नाही. मी तो आकडा लिहिलेल्या कागदाची घडी पर्समध्ये टाकली आणि फाटकाबाहेर पडले.

मला वाटलं, माझं गेलं तर गेलं, दुसऱ्या कोणाचं काय बिघडणार आहे? साहेब कागद करतील, माल जाईल, माल चांगलाच आहे. त्या कागदावर दुसरी सही लागते, हे मला माहीत होतं. ती कोणाची असेल, याचा मी विचार केला नाही. खरं लिहायचं तर केला, आणि टाळला.

पुढे ती गोष्टच माझी ओळख झाली. कॉलेजात माझी ओळख करून देताना सांगायचे, यांनी खोट्या रिपोर्टवर सही करण्यापेक्षा नोकरी सोडली. मी मान खाली घालायची, लोकांना वाटायचं विनय आहे. लग्नाचं एक स्थळ आलं होतं, चांगला माणूस होता. तो म्हणाला, तुमच्या त्या गोष्टीमुळेच मी आलो. मी नकार दिला. त्याला खरं सांगितलं असतं तर तो गेला असता, आणि न सांगता जन्मभर त्याच्यासमोर बसणं मला झेपलं नसतं. दुसरं कोणी आलं नाही, किंवा मी येऊ दिलं नाही. आता या घरात मला ती गोष्ट सांगायला कोणी लावत नाही, एवढंच बरं आहे.

तुमचं चौथ्या शीलाचं वाचलं आणि मी खरंच आजारी पडले. तेहतीस वर्षं! माझ्या पर्समधल्या कागदाने तुम्हाला एका आठवड्यात मोकळं केलं असतं. सोबत तो कागद पाठवते आहे. शाई फिकी झाली आहे, पण आकडा वाचता येतो. तो धनंजय यांना दाखवा, छापा, काय वाटेल ते करा.

माफी मागायला शब्द नाहीत, म्हणून मागत नाही.

विजया


हुडको, भिलाई
९ फेब्रुवारी २०२५

मॅडम, जय भीम.

दोन महिने उत्तर दिलं नाही. तुमचा कागद मी आलमारीत ठेवला, मंग काढला, मंग बेबीताईले दाखवला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तं सुटले!" मलेही दोन दिवस तसंच वाटलं. सकाळी उठून सिविक सेंटरपर्यंत पायी गेलो, जिलेबी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं, सुटलो कसा? माल चांगला होता, हे सही करताना मले कुठं माहीत होतं? मी तं खराब समजूनच सही केली. रोलर खरा निघाला, माझी सही खोटीच राहिली. तुमचा कागद कंपनीले सोडवते, मले नाही सोडवत. ही गोष्ट मी किती उलटीपालटी करून पाहिली, बदलत नाही.

मंग तुमचा राग आला. मॅडम, असा राग मले साहेबांचाही आला नव्हता. रिटायर होईपर्यंत ड्रायव्हरले चहा पाजून राहिलो होतो मी. शेवंता "काय झालं" इचारून इचारून थकली. निदान तिले तं सांगता आलं असतं, की माणूस चुकला, पण कोणाचं अंग भाजलं नाही. तेवढं ऐकून ती हसली असती. तुम्ही एक पोस्टकार्ड टाकलं असतं तं झालं असतं.

कार्यक्रम २६ जानेवारीले झाला. हॉल भरला होता, खुर्च्याले कपडे घातले होते. पुस्तक निघालं, चकचकीत. फॉर्म्युला बाहेरूनच आला आहे त्यात. "एकही हीट परत आली नाही" हेही आहे, अन् गंमत अशी की ते खरं आहे. धनंजयले मी तुमचा कागद आधी दाखवला होता. त्यानं नीट वाचला. म्हणाला, "दादा, इसमें तो कंपनी की तारीफ ही है, पर अब छोडो ना. कौन पूछ रहा है?" वाईट नाही म्हणाला तो. खरंच कोणी इचारत नव्हतं.

मले शाल दिली अन् माइक दिला. दोन शब्द बोला म्हणे. मी म्हटलं, "मी टिकाराम मेश्राम, मेल्टर. एक्याण्णवमध्ये ४१२ नंबरच्या हीटच्या कागदावर मी खोटी सही केली. माल खराब आहे असं समजून केली. नंतर समजलं, माल चांगला होता. पण मी केली ती खोटीच. फेरोक्रोम भाजायची गोष्ट विजया मॅडमच्या रजिस्टरमधून निघाली, ते बाहेरून आलं नाही. बस."

लोकायनं टाळ्या वाजवल्या. वाजवतात ते हात दिसले. कोण काय म्हणालं ते मले ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेतली एक पोरगी हसून फोटो काढून राहिली होती. मंग जेवण सुरू झालं. मी ताट घेऊन कोपऱ्यात बसलो, अन् वाटत राहिलं, कोणीतरी येईन अन् इचारंल, दादा, ते काय म्हणत होते तुम्ही? गुलाबजाम संपेपर्यंत बसलो. कोणी आलं नाही.

त्या दिवशी मले तुमचं समजलं, थोडं. चाळीस लोकायची नजर तुमाले सोडवली नाही. माझ्याकडं तं नजरच नव्हती, म्हणून मले सांगणं सोपं गेलं. पन्नास वर्षांच्या वयात, पोरं घरात असताना, शेवंता समोर असताना मी सांगतलं असतं का? नसतं सांगतलं.

तरी माफ केलं असं मी लिहीत नाही. ते आज लिहिलं तं खोटं होईन, अन् एक खोटं पुष्कळ झालं मले. राग आहे. सकाळी चहा पितानाही आहे.

पण एक सांगतो. आपले सगळे लोक गेले. देवानंद गेला, साहेब गेले, शेवंता गेली. भट्टीही गेल्या वर्षी काढून नवीन बसवली. ४१२ म्हणजे काय, हे समजणारं या जगात आता तुम्ही अन् मी, दोघंच उरलो. राग धरायलेही समोर माणूस लागते, मॅडम. तुम्ही गप बसल्या तं हा राग मी कोणावर काढू?

म्हणून लिहीत जा. तब्येतीचं कारण सांगू नका, तब्येत माझीही बरी नाही. काय लिहायचं सुचलं नाही तं लॅबच्या खिडकीतल्या त्या चिमण्यायचं लिहा, पोस्टमन मंगळवारी अन् शुक्रवारी येते आमच्या गल्लीत. मी दारात राहीन.

टिकाराम मेश्राम